पाककृती वाचायची कशी? आंतरीपासून थाटीपुरापर्यंत

कविता कशी वाचावी यावर आपल्याकडे पुस्तके आहेत. जुनी कागदपत्रे कशी वाचावीत यावर वर्ग भरतात. पंचांग कसे पाहावे हेही कुणीतरी शिकवतो. पाककृती कशी वाचावी हे मात्र कुणीच शिकवत नाही. ती काय, वाचायची आणि करायची! त्यात शिकण्यासारखे काय आहे, असा आपला समज असतो.

मी सरकारी कारकून आहे. परिपत्रके, आदेश, मंजुऱ्या वाचणे हा माझा रोजचा उद्योग. त्यामुळे असेल कदाचित, पण मला पाककृती ही परिपत्रकाची सख्खी बहीण वाटते. दोघींची भाषा पाहा. 'कळवावे', 'सादर करावे', 'नोंद घ्यावी' असे परिपत्रक म्हणते. 'घालावे', 'परतावे', 'झाकण ठेवावे' असे पाककृती म्हणते. दोन्हीकडे विध्यर्थ! आणि दोन्हीकडे लिहिणाऱ्याने बरेचसे गृहीत धरलेले असते, जे वाचणाऱ्याला ठाऊक नसते. घोटाळा होतो तो तिथेच.

या घोटाळ्याला मोठा जुना इतिहास आहे. त्याचा एक धागा ग्वाल्हेरजवळ सापडतो.

ग्वाल्हेरहून झाशीच्या वाटेवर आंतरी नावाचे गाव लागते. अकबराचा मंत्री आणि इतिहासकार अबुल फजल याची कबर तिथे आहे. १६०२ च्या ऑगस्टात शाहजादा सलीमच्या (म्हणजे पुढच्या जहांगीरच्या) सांगण्यावरून वीरसिंहदेव बुंदेल्याने त्याला याच भागात मारले. अबुल फजल आपल्याला 'अकबरनामा'मुळे माहीत असतो. पण त्याच्या 'आईन-इ-अकबरी'त बादशहाच्या मुदपाकखान्यावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात पदार्थांचे तीन वर्ग करून प्रत्येकी दहा कृती दिल्या आहेत. बिनमांसाचे पदार्थ, मांस आणि तांदूळ यांचे पदार्थ, मसाल्यातले मांसाचे पदार्थ असे ते तीन वर्ग.

त्यातली खिचडी पाहा. तांदूळ, डाळ आणि तूप प्रत्येकी ५ शेर, मीठ एक तृतीयांश शेर. इतक्यात सात ताटे होतात. संपली कृती!

पाणी किती? डाळ आधी भिजवायची का? तूप आधी घालायचे की वरून? किती वेळ शिजवायचे? एका शब्दाने सांगितलेले नाही. आजची सुगरण हे वाचून म्हणेल, ही कसली पाककृती? पण मी कारकुनाच्या डोळ्यांनी वाचतो तेव्हा मला ते लगेच उमगते. हे स्वयंपाक्यासाठी लिहिलेलेच नाही. कोठीतून काय निघाले आणि त्याची किती ताटे व्हायला हवीत, हा त्याचा विषय आहे. तो हिशेब आहे. बादशहाच्या पाकशाळेवर मीर बकावल नावाचा अधिकारी असे, पदार्थांची भांडी मोहोरबंद करून आत पाठवली जात आणि त्यांची यादी कारकून लिहीत. त्या व्यवस्थेला सोयीचे तेवढेच कागदावर आले. पाणी विहिरीतून येते, कोठीतून नाही. म्हणून हिशेबात पाणी नाही. खिचडी कशी करायची हे आचाऱ्याला येतच होते.

हा मला वाटतो पाककृती वाचण्याचा पहिला नियम : ती कुणी, कुणासाठी लिहिली ते आधी पाहावे. न लिहिलेले म्हणजे अनावश्यक, असे समजू नये. जे सर्वांना येतच होते, ते लिहिले गेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

याच मध्य प्रदेशात मांडूचे सुलतान होऊन गेले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस सुलतान गियासशहासाठी 'निमतनामा' नावाचा सचित्र ग्रंथ तयार होऊ लागला. आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातला कल अगदी निराळा. तिथे हिशेबापेक्षा सुगंधाचा आणि चवीचा सोस जास्त आहे, कारण तो शौकिनाने शौकिनासाठी करवून घेतलेला ग्रंथ आहे. खिचडी तीच, पण शौकिनाची वही वेगळी आणि कोठावळ्याची वही वेगळी.

आता दुसरा नियम. तो मापांचा.

'आईन'मध्ये जर्द बिरिंज, म्हणजे आपल्या केशरीभातासारखा पदार्थ आहे. तांदूळ १० शेर, खडीसाखर ५ शेर, तूप साडेतीन शेर, मनुका, बदाम आणि पिस्ते अर्धा अर्धा शेर, मीठ पाव शेर, थोडे आले. आणि केशर दीड दाम, दालचिनी अडीच मिस्काल. एका कृतीत तीन वेगवेगळी वजने आहेत. दाम हे तांब्याचे नाणे, पण ते वजन म्हणूनही वापरले जाई. ते साधारण २१ ग्रॅमचे. अबुल फजल स्वतःच सांगतो, की शेर कुठे १८ दामांचा होता, कुठे २२ दामांचा, अकबराच्या कारकिर्दीच्या आरंभी तो २८ दामांचा होता आणि आता ३० दामांचा आहे. म्हणजे त्या वेळचा शेर भरतो साधारण ६२८ ग्रॅमचा.

पुढे इंग्रजी अमदानीत बंगालकडचा शेर ८० तोळ्यांचा ठरला. तो भरतो सुमारे ९३३ ग्रॅम. उत्तर हिंदुस्थानात तोच पसरला. मुंबईचा शेर याहून फार लहान होता. मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि मणाचे शेर ४०, म्हणजे शेर झाला जेमतेम ३१८ ग्रॅमचा! पुण्याकडे आणि कोकणात धान्याच्या बाबतीत शेर हे वजनच नव्हते, ते भरून द्यायचे माप होते. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. आपल्या गोव्यात कुडव आणि खंडी, वीस कुडवांची एक खंडी. 'शेर' हा शब्द एकच, पण तो गावोगाव नवा अर्थ घेऊन उभा राहतो.

याने फरक काय पडतो? खिचडीत काहीच पडत नाही. तिथे सगळे शेरातच आहे. कोणताही शेर घ्या, प्रमाण बिघडत नाही. आपल्या सत्यनारायणाच्या प्रसादाचे तेच आहे. रवा, तूप, साखर सव्वा सव्वा घ्यायचे. सव्वा वाटी, सव्वा शेर, सव्वा किलो, काहीही चालते, कारण ते माप नाही, ते प्रमाण आहे. पण जर्द बिरिंजमध्ये तांदूळ शेरात आणि केशर दामात आहे. अकबरी शेराने हिशेब केला तर २०० ग्रॅम तांदळाला १ ग्रॅम केशर येते. तोच शेर कुणी ८० तोळ्यांचा धरला, तर तांदूळ दीडपट होतो आणि केशर तेवढेच राहते. भात फिका! आणि दोष जातो आचाऱ्याला, किंवा अबुल फजलला.

म्हणून कृती हातात घेतली की आधी पाहावे, सगळे जिन्नस एकाच मापात आहेत का? असतील तर निश्चिंत असावे. मापे मिसळलेली असतील, 'दोन वाट्या', 'पाव किलो', 'एक मूठ', 'एक नारळ' अशी, तर मग मात्र लिहिणाऱ्याची वाटी केवढी आणि मूठ केवढी हे शोधल्याशिवाय चूल पेटवू नये.

मराठीत पाकशास्त्राची परंपरा मोठी आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त अन्नभोगाचे प्रकरण आहे. ते संस्कृतात आहे, पण कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, आपल्या सीमेवरचेच. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी 'भोजनकुतूहल' लिहिले. तेही संस्कृतात, पण जिनसांची मराठी नावे त्यात जागोजाग येतात. छापील मराठी पाकपुस्तकांत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे १८७५ चे 'सूपशास्त्र' आद्य मानले जाते. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' आले. आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा'. 'रुचिरा'ने काय साधले? वाटी आणि चमचा ही घरातली मापे घेऊन सगळी प्रमाणे नीट सांगितली. नवी नवरी परगावी एकटी संसार मांडू लागली होती. सासू शेजारी उभी नव्हती. त्या मुलीसाठी ते पुस्तक होते.

इंग्लंडातही हे असेच घडत आले. १८४५ मध्ये एलायझा अ‍ॅक्टन हिने कृतीपासून जिनसांची यादी, प्रमाण आणि वेळ वेगळी काढून द्यायला सुरुवात केली. १८९६ मध्ये अमेरिकेत फॅनी फार्मर हिने चमचा आणि कप सपाट भरूनच मोजावा, शीग ठेवू नये, असा आग्रह धरला. जिथे आई आणि मुलगी यांच्यामध्ये अंतर पडते, तिथे लिखित पाककृतीला महत्त्व येते. अंतर जितके मोठे, तितकी ती तपशीलवार असावी लागते.

आता थाटीपुर.

ग्वाल्हेर म्हणजे मुळात तीन गावे. किल्ल्याच्या पायथ्याचे जुने ग्वाल्हेर, १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून राजधानी हलवल्यावर छावणीतून वाढलेले लष्कर, आणि इंग्रजी छावणीचे मुरार. थाटीपुर मुरारच्या बाजूला येते. सरकारी क्वार्टर्सची वस्ती म्हणून ते ओळखले जाई. माझी एक मावशी १९६८ मध्ये लग्न होऊन फोंड्याकडून थेट ग्वाल्हेरला गेली. तिचे सासर शिंदेशाहीबरोबर तिकडे गेलेले जुने मराठी घराणे, आधी लष्करात राहणारे. पुढे नोकरीमुळे थाटीपुरात आले. काही वर्षांपूर्वी मावशी गेली. तिच्या वर्षश्राद्धाला मी गोवा एक्सप्रेसने गेलो होतो. मुलांची इच्छा अशी, की त्या दिवशी पानात तिच्या हातचे खतखते असावे. तिच्या हातचे म्हणजे तिच्या वहीतले.

वही होती. एकच वही, पण दोन हातांची. पहिली पाने मावशीच्या सासूबाईंची : शेर, छटाक, तोळा. पुढची पाने मावशीची : वाटी, चमचा, किलो. मधल्या काळात देश बदलला होता. १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ पर्यंत शेर बाजारातून गेला. त्या वहीत कायद्याचे नाव नाही, पण कायदा दिसतो!

सासूबाईंच्या अनारशांच्या कृतीत शेर आणि छटाक दोन्ही होते. तिथे वाद नव्हता. छटाक हे उत्तरेकडचे माप, सोळा छटाकांचा शेर, छटाक पाच तोळ्यांची. म्हणजे तो शेर ८० तोळ्यांचाच, पुण्याचा नव्हे. कागदच आपले माप सांगत होता.

खरी अडचण मावशीच्या खतखत्यात. सुनेने वर्षभरात ते दोनदा करून पाहिले होते. दोन्ही वेळा तेलकट, खवट आणि जड झाले. घरात बोलणी झाली नाहीत, पण नणंदा गप्प राहिल्या आणि ते तिला जास्त लागले. 'मी शब्दन् शब्द पाळला हो, भाऊ,' असे ती मला म्हणाली. खरेच पाळला होता. वहीत लिहिले होते, 'खोबरे, एक वाटी, वाटून.'

वाचकहो, हा शब्द आपण गोव्यात वाचला असता तर? खोबरे म्हणजे नुकताच फोडलेला नारळ खवून, दुसरे मनातही येणार नाही. पण ग्वाल्हेरच्या मराठी घरात खोबरे म्हणजे सुके खोबरे, किराणावाल्याकडची वाटी. ओल्याला ते 'ओला नारळ' म्हणतात. आणि 'वाटी'! नारळाचे अर्धे भकल म्हणजेही वाटी, आणि आमटीचे भांडे म्हणजेही वाटी. सुनेने सुक्या खोबऱ्याची एक अख्खी वाटी वाटली होती. मावशीला अभिप्रेत होते भांड्याची एक वाटी भरून खवलेले ओले खोबरे. सुक्या खोबऱ्यात पाणी जवळजवळ नसते, तेल भरपूर. खतखते तेलकट होणारच. सून चुकली नव्हती आणि मावशीही चुकली नव्हती. दोघींच्या मराठीत दीड हजार किलोमीटरचे अंतर होते.

मग आम्ही ती वही परिपत्रकासारखी वाचायला बसलो. मावशीची रोजची वाटी घरात होतीच. त्यात पाणी भरून मोजले, तर १८० मिलिलिटर. मापाचा कप २४० चा. म्हणजे बाजारच्या कपाने करणाऱ्याचे सगळेच एक तृतीयांशाने जास्त होणार. मग शब्द पाहिले. 'तेफळे ठेचून' असे होते, 'वाटून' नव्हे. तेफळ बिया काढून नुसते ठेचायचे असते. वाटले तर त्याचा उग्रपणा साऱ्या भाजीवर बसतो. 'सोलं शेवटी' याचा अर्थही शब्दशः घ्यायचा. आंबट आधी पडले तर कंदमुळे लवकर मऊ होत नाहीत.

इथे मराठी पाककृतीचे व्याकरण सांगावेसे वाटते. आपल्या कृतीत घड्याळ क्वचितच असते. घड्याळाचे काम प्रत्यय करतात. 'कांदा गुलाबी होईपर्यंत', 'मोहरी तडतडल्यावर', 'उकळी येताच'. 'पर्यंत' म्हणजे थांबा आणि पाहत राहा. 'ल्यावर' म्हणजे ती गोष्ट पूर्ण होऊ द्या, त्याआधी नको. 'ताच' म्हणजे क्षणाचाही विलंब नको. नारळाचा रस घातल्यावर 'वाफ येताच उतरावे' असे लिहिलेले असते ते उगाच नव्हे. खळखळ उकळला तर रस फुटतो. हे प्रत्यय मिनिटांपेक्षा भरवशाचे आहेत, कारण तुमची चूल, तुमची कढई, तुमची हवा यांचा हिशेब त्यात आपोआप येतो. पाकाची 'एकतारी', 'दोनतारी', 'गोळीबंद' ही मापेही तशीच. पाणी आटत जाते तसे साखरेचे प्रमाण वाढते, उकळण्याचे तापमान चढते आणि तार बदलते. आपल्या आज्यांनी थर्मामीटर न वापरता तापमानच मोजले होते, दोन बोटांत.

शब्दांचा क्रमही पाहावा. 'एक वाटी दाणे भाजून कूट करावे' आणि 'एक वाटी दाण्याचे कूट घ्यावे' या दोन आज्ञा वेगळ्या आहेत. पहिलीत आधी मोजायचे आणि मग कुटायचे, दुसरीत आधी कुटायचे आणि मग मोजायचे. आमच्या कार्यालयात 'मंजुरीनंतर खरेदी' आणि 'खरेदीनंतर मंजुरी' यांत जेवढा फरक असतो, तेवढाच इथेही आहे!

आणि जे कृतीत कधीच लिहिलेले नसते ते म्हणजे हवा. ग्वाल्हेरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा आणि कोरडा. तिथे कणीक जास्त पाणी मागते, आणि कापडाने झाकली नाही तर पाहता पाहता तिच्यावर साल धरते. थंडीत दही लागता लागत नाही. आपल्याकडे उलटे, पावसाळ्यात मीठसुद्धा पाणी सोडते. एका हवेत लिहिलेली कृती दुसऱ्या हवेत नेताना पाणी आणि आंबवण्याचा वेळ हे दोन आकडे आपले आपण बदलावेच लागतात. बाकीचे मात्र पहिल्या खेपेस बदलू नयेत. पुष्कळ जण पहिल्याच खेपेला साखर कमी करतात, एक मसाला गाळतात, दुसरा घालतात, आणि मग म्हणतात कृती चांगली नाही. ती कृती त्यांनी केलेलीच नसते. एकदा जसे लिहिले तसे करावे, मग हवे ते बदलावे, आणि बदल समासात लिहून ठेवावा.

त्या दिवशी खतखते कसे झाले? आंबाडे मिळाले नाहीत. तेफळे आणि सोलं मी गोव्याहून नेली होती. ओला नारळ आता ग्वाल्हेरच्या बाजारातही मिळतो. थोरल्या नणंदेने पहिला घास घेतला आणि सुनेला म्हणाली, 'वहिनी, अजून वाढ गं.' आणखी कुणी काही बोलले नाही, बोलायची गरजही नव्हती.

'आईन'च्या त्या तीस कृतींत मिरची कुठेच नाही, हे जाता जाता सांगायला हवे. ती पोर्तुगीजांबरोबर समुद्र ओलांडून आली, आपल्याच बंदरांत उतरली, आणि अबुल फजलच्या काळी बादशाही हिशेबात तिला जागा मिळालेली नव्हती. आज कुणी 'अस्सल अकबरी' म्हणून तिखट खिचडी वाढली, तर जुनी कृती वाचता येणारा माणूस ती लगेच ओळखील. तेव्हा वाचता येणे हे चवीपुरतेच नव्हे, इतिहासापुरतेही उपयोगाचे आहे.

आपल्या गोव्यात अशा वह्या घरोघर आहेत. कुठे देवनागरीत, कुठे रोमीत, कुठे मागच्या पानावर धोब्याचा हिशेब. मुलेबाळे आता पुण्यात, बेंगळुरूत, लिस्बनमध्ये आहेत. ती एक दिवस त्या उघडतील आणि 'खोबरे, एक वाटी' इथे अडतील. वहीची मालकीण आज स्वयंपाकघरात उभी असेल तर तिला आजच विचारून घ्यावे : वाटी कुठली, खोबरे ओले की सुके, मूठ तुझी की बाबांची? आणि तिने दिलेले उत्तर पेन्सिलीने, त्याच पानाच्या समासात, तारीख घालून लिहावे.